पुराची बातमी वाचताना सरकारचं काम कसं तपासायचं: या विषयात नव्याने शिरणाऱ्यांसाठी

पूर आला की बातम्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी पावसाचे आकडे, मग छपरावर अडकलेली माणसं, मग पाहणी दौरे, मग मदतीची घोषणा. पंधरा दिवसांत विषय मागे पडतो. या सगळ्यात सरकारने नेमकं काय केलं आणि काय करायचं राहिलं, हे नवख्या वाचकाच्या हाती लागत नाही, कारण ते दोन अशा काळांत घडलेलं असतं जिथे कॅमेरे नसतात. एक म्हणजे पुराआधीची दहा-वीस वर्षं. दुसरा म्हणजे पाणी घरात शिरण्याआधीचे दहा-बारा तास. त्या दोन जागी कसं पाहायचं, ते पायरीपायरीने सांगतो. अभियांत्रिकीचं शिक्षण लागत नाही. तारखा आणि वेळा टिपायची सवय मात्र लागते.

पायरी १: पूर कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

मोठ्या नदीचा पूर हळूहळू चढतो. वरच्या अंगाच्या मापन केंद्रावर पातळी वाढली की खालच्या शहरात पाणी कधी पोचेल याचा हिशेब मांडता येतो, कधी कधी काही दिवस आधी. डोंगरातल्या अरुंद खोऱ्यात हाच वेळ काही तासांवर येतो. शहरात पाणी तुंबायला तर नदीही लागत नाही. गटारांची ताकद तासाला जितकी, त्याहून जास्त पाऊस पडला की झालं. किनाऱ्यावर वादळ समुद्राचं पाणी आत ढकलतं. आणि धरण किंवा बांध फुटला तर त्या पाण्याला पावसाचा कोणताच नियम लागू होत नाही.

ही वर्गवारी आधी करायची, कारण प्रत्येक प्रकारात जबाबदार खातं वेगळं असतं आणि हाताशी असलेला वेळही वेगळा. ‘आम्हाला सावरायला वेळच मिळाला नाही’ हे उत्तर डोंगरातल्या लोंढ्याबाबत निदान ऐकून घेता येतं. मोठ्या नदीच्या काठी ते मान्य करू नये.

पाणी ओसरायला किती दिवस लागले, हेही लिहून ठेवा. पाकिस्तानात २०२२ च्या पुरानंतर सिंध प्रांताच्या सपाट भागात पाणी कित्येक महिने उभं होतं. तिथे पाऊस किती पडला यापेक्षा पाण्याला बाहेर पडायला वाट का नव्हती, हा प्रश्न मोठा ठरतो.

पायरी २: हवामानबदलाचा वाटा मोजूनमापून मान्य करा

मुळातलं भौतिकशास्त्र सोपं आहे. हवा एका अंश सेल्सियसने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाऊस पडायला लागला की पडण्यासाठी वर जास्त पाणी असतं. हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारं संयुक्त राष्ट्रांचं मंडळ म्हणजे आयपीसीसी. त्याच्या २०२१ च्या अहवालात याचा हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवर सरासरी दहा वर्षांतून एकदा पडणारा एका दिवसाचा मुसळधार पाऊस घ्या. जगाचं तापमान १ अंशाने वाढल्यावर तो १.३ पट वेळा पडतो, १.५ अंशाला १.५ पट, २ अंशांना १.७ पट, आणि ४ अंशांपर्यंत गेलो तर २.७ पट.

इथे नवखा वाचक एक उडी मारतो, ती टाळा. पाऊस वाढला म्हणजे प्रत्येक नदीचा पूर त्याच प्रमाणात वाढला असं होत नाही. जमीन आधीच किती भिजलेली होती, वर बर्फ किती साठलं होतं, धरणात जागा किती होती, पात्रात बांधकाम किती झालं, या सगळ्यांतून पूर घडतो.

एखाद्या विशिष्ट घटनेत हवामानबदलाचा हात किती, हे शोधण्याचंही आता एक शास्त्र आहे. जुलै २०२१ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममध्ये झालेल्या पावसाचा ‘वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने अभ्यास केला. जग १.२ अंशांनी थंड असतं तर काय झालं असतं, याच्याशी त्यांनी तुलना केली. असा पाऊस पडण्याची शक्यता १.२ ते ९ पट वाढली होती आणि त्याची तीव्रता ३ ते १९ टक्क्यांनी. या पल्ल्याची दोन्ही टोकं लक्षात ठेवा. नुसतं ‘९ पट’ उचलणारा आणि ‘काहीच सिद्ध झालं नाही’ म्हणणारा, दोघेही अर्धाच अभ्यास वाचतात.

अलीकडे पूर आला की अनेक देशांतले मंत्री सगळी जबाबदारी हवामानबदलावर टाकून मोकळे होतात. मला हे फार खुपतं. धोका वाढतो आहे हे माहीत असणाऱ्या सरकारकडून तयारीची अपेक्षा कमी होत नाही, ती वाढते.

पायरी ३: ‘शंभर वर्षांतला पूर’ हा शब्द नीट समजून घ्या

याचा अर्थ असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, इतकाच अर्थ. पुढच्याही वर्षी ती १ टक्काच राहते. मात्र असं पाणी जिथवर पोचतं त्या रेषेच्या, म्हणजे पूररेषेच्या, आत घर घेऊन कोणी तीस वर्षं राहिलं, तर त्या काळात निदान एकदा तरी असं पाणी बघायची शक्यता जवळपास २६ टक्के होते. तीस वर्षं गृहकर्ज फेडणाऱ्या माणसाला हा दुसरा आकडा कळायला हवा, आणि नेमका तोच त्याला कोणी सांगत नाही.

त्यामुळे पूररेषेचा नकाशा समोर आला की पहिला प्रश्न विचारा: ही रेषा कोणत्या वर्षांच्या नोंदींवरून आखली? जर्मनीतलं आर नदीचं खोरं हे याचं जिवंत उदाहरण आहे. तिथले धोक्याचे नकाशे विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या मोजमापांवर आधारलेले होते. पण त्याच खोऱ्यात १८०४ आणि १९१० मध्ये महाभयंकर पूर येऊन गेले होते. ते इतिहासाच्या कागदांत होते, हिशेबात धरले गेले नव्हते. २०२१ मध्ये पाणी नकाशातल्या रेषेच्या खूप पलीकडे गेलं.

दुसरा प्रश्न असा की किती मोठ्या पुरासाठी बांधायचं हे कोणी ठरवलं. हा आकडा निसर्ग देत नाही, सरकार निवडतं. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी सर्वांत दाट वस्तीच्या किनाऱ्यासाठी दहा हजार वर्षांतून एकदा येईल अशा पाण्याचं माप धरलं. इतर देश बहुतेक ठिकाणी शंभर वर्षांवर थांबतात. तुमच्याकडे कोणतं माप धरलं आहे हे शोधून काढा.

पायरी ४: इशारा शेवटच्या घरापर्यंत कधी पोचला ते पाहा

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

कागदावर दोन रकाने आखा. एकात हवामान खात्याने काय, किती वाजता सांगितलं ते लिहा. दुसऱ्यात सामान्य माणसाला काय, किती वाजता कळलं ते लिहा. मधलं अंतर म्हणजे सरकार.

२९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनच्या वॅलेन्सिया प्रांतात काय झालं ते या रकान्यांत बसवून पाहा. राष्ट्रीय हवामान संस्थेने सकाळी साडेसातच्या सुमारासच सर्वोच्च, म्हणजे लाल इशारा दिला होता. चिवा या गावी त्या दिवशी आठ तासांत ४९१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सगळ्यांच्या मोबाइलवर वाजणारा इशारा प्रादेशिक सरकारकडून गेला तो रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी. तोवर अनेक गावांत पाणी शिरून गेलं होतं. प्रांतात २२० हून अधिक माणसं दगावली. खाली सपाटीवरच्या काही गावांत फारसा पाऊस पडतही नव्हता. पाणी वरच्या ओढ्यांतून आलं. आकाशाकडे पाहून त्या लोकांना काही कळणं शक्यच नव्हतं, मोबाइलवरचा इशारा हाच त्यांचा आधार होता. कितीतरी जण गाडी वाचवायला तळघरात उतरले. याच दिवशी वॅलेन्सिया विद्यापीठाने इशारा वाचून वर्ग बंद ठेवले होते. म्हणजे माहिती उपलब्ध होती, वाचणारा तिच्यावरून निर्णयही घेऊ शकत होता.

आर खोऱ्यात १४ आणि १५ जुलै २०२१ च्या रात्री असंच घडलं. युरोपच्या पूर इशारा यंत्रणेने काही दिवस आधीच या प्रदेशातल्या नद्यांबाबत सूचना दिल्या होत्या. त्या रात्री आपत्ती जाहीर होऊन काही भाग रिकामे करायचा आदेश निघाला तो रात्री अकरानंतर. तोवर वरच्या अंगाची गावं पाण्याखाली होती. खोऱ्याच्या अगदी तोंडाशी झिन्झिश हे गाव आहे. वरची गावं बुडाल्यावर तिथे पाणी पोचायला कित्येक तास लागले. तरी तिथल्या अपंगांच्या निवासात तळमजल्यावर झोपलेले बारा जण त्या रात्री बुडाले. ही नोंद वाचल्यापासून इशाऱ्याच्या वेळा तपासल्याशिवाय मी कोणत्याही पुराबद्दल मत बनवत नाही.

एक तांत्रिक गोष्टही यात आहे. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी संदेश पाठवणारी यंत्रणा तेव्हा जर्मनीत नव्हती. त्याआधीच, सप्टेंबर २०२० मध्ये, देशभर इशाऱ्यांची चाचणी घेतली होती आणि संदेश अर्धा तास उशिरा पोचले होते. फोनवरची नवी यंत्रणा सुरू झाली ती २०२३ मध्ये.

आता उलट बाजू पाहा. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं समुद्राच्या पाण्यात गेली. १९९१ च्या वादळात सुमारे १,३८,००० गेली, आणि त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त होतं. मधल्या काळात, १९७२-७३ पासून, गावोगावचे स्वयंसेवक तयार करायला सुरुवात झाली होती. १९९१ नंतर निवारे वाढवले, स्वयंसेवकांत बायका आणल्या. आज हे स्वयंसेवक ७५ हजारांहून अधिक आहेत, त्यांतल्या निम्म्या स्त्रिया. २०२० मध्ये अम्फान हे प्रचंड वादळ आलं तेव्हा वीस लाखांहून अधिक माणसं आधी हलवली गेली आणि तिथले मृत्यू काही डझनांवर राहिले. बांगलादेश तेव्हाही श्रीमंत देश नव्हता. ओळखीची बाई दारात येऊन ‘चला, निघायचं’ म्हणते तेव्हा घर सोडणं सोपं जातं, हे तिथे कळलं होतं.

म्हणून इशारा तपासताना हे विचारा. संदेश लोकांच्या भाषेत होता का? ‘अमुक क्यूसेक विसर्ग’ असा होता, की ‘तळमजला सोडा, वर जा’ असा? ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांना चालवत नाही, त्यांच्यापर्यंत कोण जाणार, हे नावानिशी ठरलं होतं का? आणि आदेश द्यायचा अधिकार त्या रात्री नेमका कोणाच्या हाती होता? या शेवटच्या प्रश्नाला एकाहून जास्त उत्तरं मिळाली, तर उशीर का झाला ते तुम्हाला तिथेच सापडेल.

पायरी ५: पाणी अडवलं की पाण्याला जागा दिली?

सरकारांची पहिली ओढ भिंतीकडे असते. भिंत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर अनेक दशकं फक्त उंच बांध घालायचं धोरण होतं. १९२७ मध्ये ते बांध ठिकठिकाणी फुटले, लाखो माणसं बेघर झाली. पुढच्याच वर्षी कायदा करून धोरण बदललं आणि नदीचं जादा पाणी मुद्दाम बाजूला सोडायला सांडवे बांधले. न्यू ऑर्लिन्सच्या वरच्या अंगाचा बॉनी कॅरे सांडवा त्यातलाच.

बांधाचा एक छुपा धोका भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिला होता. बांध झाला की त्याच्या आडोशाला लोक निर्धास्त होऊन घरं बांधतात. छोटे पूर अडतात, पण मोठा आला की आधीपेक्षा जास्त माणसं त्याच्या वाटेत असतात. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली कत्रिना वादळात बांध फुटून शहराचा जवळपास ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, तो असाच.

नेदरलँड्सने वेगळं वळण घेतलं. १९९५ मध्ये नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करत न बसता तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा परत दिली. नाइमेखन शहरासमोर बांध ३५० मीटर मागे सरकवला, त्यासाठी पन्नासच्या आसपास घरं हलवावी लागली. ओव्हरडीप नावाच्या शेतजमिनीच्या पट्ट्यात तर शेतकऱ्यांनीच तोडगा सुचवला. मोठ्या पुरात पाणी शेतात येऊ द्या, आमची घरं आणि गोठे उंच टेकाडांवर बांधून द्या. तसंच झालं. ज्यांची जमीन बुडणार त्यांना आराखडा आखताना बोलावलं होतं का, हा प्रश्न कुठल्याही प्रकल्पाला विचारता येतो.

शिवाय कोणाला वाचवलं आणि कोण बाहेर राहिलं हेही पाहा. वॅलेन्सिया शहराने १९५७ च्या पुरानंतर आपली नदी वळवून शहराच्या दक्षिणेकडून नेली. २०२४ मध्ये त्या नव्या पात्रामुळे शहराचा मध्यभाग कोरडा राहिला. बुडाली ती त्या पात्राच्या पलीकडची गावं.

शहरांतल्या तुंबणाऱ्या पाण्याबद्दल थोडक्यात. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला ढगफुटीसारखा पाऊस झाला. पुढच्याच वर्षी शहराने आराखडा केला. त्यानुसार काही रस्ते आणि बागाच अशा घडवायच्या, की अतिवृष्टीत पाणी तिथे थांबेल किंवा तिथून समुद्राकडे जाईल. चीननेही ‘स्पंज शहरं’ म्हणून पाणी मुरवणाऱ्या शहरांचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. झेंगझोऊ त्यातलंच. तिथे २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत चौदा जण गेले. मुरवणाऱ्या बागा इतका पाऊस पेलू शकत नाहीत. अशा वेळी गाड्या थांबवायचा निर्णय कोणी, किती वाजता घेतला, हाच मुद्दा उरतो. म्हणजे पुन्हा चौथी पायरी.

पायरी ६: धरणांच्या देखभालीचे कागद मागा

लिबियातल्या डेर्ना शहराच्या वर ओढ्यावर १९७० च्या दशकात बांधलेली दोन धरणं होती. ती दुरुस्तीला आली आहेत हे आधीच सांगितलं गेलं होतं. २०२२ मध्ये एका जलतज्ज्ञाने शोधनिबंधातही तसा इशारा दिला होता. १० आणि ११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री डॅनिएल वादळाचा पाऊस झाला, दोन्ही धरणं फुटली आणि शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले समुद्रात वाहून गेले. मृतांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

कुठल्याही धरणाबाबत तीन कागद मागा: शेवटच्या तपासणीचा अहवाल, पाणी कधी सोडायचं याचे नियम, आणि धरण फुटलं तर खाली कोणत्या भागात किती वेळात पाणी पोचेल याचा नकाशा. तिसरा कागद नाही असं उत्तर आलं, तर तीच बातमी आहे.

पायरी ७: पैसा आधी गेला की नंतर, ते पाहा

घोषणेतली रक्कम बाजूला ठेवा. पैसे कोणत्या दिवशी हातात पडले ते विचारा. बांगलादेशात २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी नदीच्या अंदाजावर भरवसा ठेवून पूर शिगेला पोचण्याआधीच हजारो कुटुंबांना रोख रक्कम दिली. त्या पैशांतून लोकांना गुरं हलवता आली, धान्य घेता आलं. पूर ओसरल्यावर तेवढीच रक्कम मिळून हे झालं नसतं.

विमा असेल तर त्याचे नियम बारकाईने वाचा. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ‘फ्लड री’ नावाची व्यवस्था आहे. पुराच्या धोक्यातल्या घरांना परवडेल असा विमा मिळावा म्हणून ती उभारली, आणि ती २०३९ पर्यंतच चालणार आहे. १ जानेवारी २००९ पासून बांधलेल्या घरांना त्यात जागा नाही. पूरक्षेत्रात नवी घरं उठायला आपणच उत्तेजन देऊ नये, हा हेतू. मला तो बरोबर वाटतो, पण नकळत असं घर घेतलेल्या कुटुंबाचं काय, हा प्रश्न मागे उरतोच.

देशांच्या पातळीवरही हेच. पाकिस्तानात २०२२ च्या पुराने ३ कोटी ३० लाख लोकांना झळ पोचली. नुकसान सुमारे १४.९ अब्ज डॉलरचं आणि त्याशिवाय अर्थव्यवस्थेचा तोटा १५.२ अब्ज डॉलरचा, असा अंदाज निघाला. जगाच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा एक टक्क्याच्या आत आहे. जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हात ९ अब्ज डॉलरहून जास्त मदतीची आश्वासनं मिळाली, त्यांतला मोठा भाग कर्जाचा होता. अशा हानीसाठी वेगळा निधी उभारायचं जगाने २०२२ च्या शर्म अल शेखच्या परिषदेत मान्य केलं. या निधीबद्दल वाचताना आश्वासन, जमा झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष वाटलेली रक्कम असे तीन आकडे वेगळे ठेवा. त्यांतला तिसरा शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पायरी ८: गाव हलवायची वेळ आली तर

काही जागा वाचवता येत नाहीत. तिथे पुनर्वसनाची पद्धत तपासा. ऑस्ट्रेलियातल्या ग्रँथम गावात जानेवारी २०११ मध्ये लोंढा आला. स्थानिक परिषदेने जवळच उंचावरची जमीन घेतली आणि जुन्या जागेच्या बदल्यात तिथे जागा देऊ केली. येणं न येणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिली कुटुंबं नव्या घरांत राहायला गेली. तीन गोष्टी जुळल्या होत्या: जागा जवळ, निवड मोकळी, काम लवकर. या तिन्हींपैकी एक जरी नसली तरी लोक पुन्हा जुन्या जागी जाऊन राहतात.

पायरी ९: आता एक पूर घेऊन बसा

तुमच्या ओळखीच्या नदीवरचा, पाच-सात वर्षांपूर्वी आलेला एकच पूर निवडा. त्याचा चौकशी अहवाल मिळवा. संपूर्ण वाचायची घाई नको, आधी घटनाक्रम आणि शिफारशी एवढंच वाचा. घटनाक्रमातल्या वेळा चौथ्या पायरीच्या दोन रकान्यांत उतरवा. मृतांचे आकडे दोन ठिकाणांहून ताडून पाहा. झेंगझोऊच्या प्रकरणात चीनच्या केंद्र सरकारच्याच चौकशीत निघालं की स्थानिक अधिकाऱ्यांनी १३९ मृत्यू दडवले किंवा उशिरा कळवले होते.

मग शिफारशींची यादी घ्या आणि प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: झालं, अर्धवट, नाही. जिथे ‘नाही’ आलं, तिथे ते काम कोणत्या खात्याकडे आहे ते लिहा. लेखी उत्तर मागा आणि मागितल्याची तारीख नोंदवून ठेवा. पुढच्या पावसाळ्याच्या महिनाभर आधी हा कागद पुन्हा काढा.